तलासरीला गेलेलं मशीन

आई पूर्वी समाजकार्य करायची, असं माझी मुलं लोकांना मोठ्या कौतुकाने सांगतात. मी अडवत नाही. या वयात कौतुक कुणाला नको असतं? पण त्या समाजकार्यातली एक गोष्ट मी त्यांना कधी सांगितलेली नाही. सांगितली असती तर कौतुक थोडं कमी झालं असतं, म्हणून नाही सांगितली. आता लिहून टाकते.

लग्न होऊन मी डहाणूला आले ती घाटावरून. समुद्र तोवर फक्त कॅलेंडरवर पाहिलेला. आमचे हे रेल्वेत, डहाणू रोडच्या मालधक्क्यावर कारकून. गवत, चिकू, सुकी मासळी, सगळ्याच्या मालगाडीच्या वाघिणी त्यांच्या डोळ्यांसमोर भरल्या जायच्या. हे घरी आले की मी आधी त्यांना मोरीत पिटाळायचे आणि शर्ट बादलीत बुडवायला लावायचे. "अगं, मी मासे मोजतो, पकडत नाही," असं ते म्हणायचे. माझं नाक त्या बाबतीत फार तिखट होतं आणि मला त्याचा अभिमानही होता. मसोलीच्या बाजूला आमची दोन खोल्यांची जागा. शेजार गुजराती. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि डहाणू कुणाचं, यावरच्या गप्पा ओट्याओट्यावर अजून चालू होत्या. बाजारात मात्र मराठी सगळ्यांची होती, फक्त कुणाची कुणासारखी नव्हती.

दुपारी मला करमायचं नाही. शेजारणीने मंडळात नेलं. हे गावातल्या बायकांचं मंडळ होतं. मास्तरांच्या, कारकुनांच्या, डॉक्टरांच्या बायका शनिवारी दुपारी एका शाळेच्या वर्गात जमायच्या. आधी मला वाटलं, भजनं आणि पाककृती असणार. तसं नव्हतं. अध्यक्षीणबाई एका निवृत्त हेडमास्तरांच्या पत्नी, पांढरं स्वच्छ नऊवारी लुगडं, आवाज असा की वर्गातल्या रिकाम्या बाकांनीसुद्धा ताठ बसावं. त्यांचं म्हणणं, दान करायचं ते माणूस परत दारात येऊ नये असं. धान्य वाटायचं नाही, जुने कपडे वाटायचे नाहीत. दरवर्षी अडलेली चार-पाच कुटुंबं निवडायची, प्रत्येकाला पोट भरण्याचं एक साधन द्यायचं आणि ती आपल्या पायावर उभी राहीपर्यंत पाठ सोडायची नाही. कुणाला शेळ्या दिल्या, कुणाला कोंबड्या, एकाला केस कापायची हत्यारं. प्रत्येक कुटुंबामागे मंडळाची एक बाई नेमलेली. तिला आम्ही पालक भगिनी म्हणायचो. तिने महिन्यातून एकदा त्या घरी जायचं आणि सभेत अहवाल वाचायचा.

विचार उत्तम होता, आजही म्हणते. बहुतेक घरं खरोखर सावरली. पण देणाऱ्या हातांना एक खोड असतेच. आम्ही साधन निवडायचो ते आमच्या डोक्याने.

माझ्या वाट्याला आलं ते वरोरचं कुटुंब. कुटुंब म्हणजे काय, एक बाई आणि तिच्या दोन मुली. बाई माझ्याच वयाची, तिशीच्या आतली. नवरा कावीळ होऊन गेला होता. वरोरला सगळं गाव होडीवर जगतं. होडी आली की मासळीचे वाटे पडतात: होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि होडीवर गेलेल्या प्रत्येक माणसाचा वाटा. घरचा माणूस होडीवर नसला की वाटा बंद. त्यात कुणाचा दुष्टपणा नाही, तशी रीतच आहे. मग ती दुसऱ्यांच्या खळ्यावर बोंबील सुकवायला जायची. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि ती जोडी बांबूंना बांधलेल्या दोरीवर टाकायची, दिवसभर हेच. मजुरी पैशात नाही, बोंबलांतच मिळायची. पण पाऊस लागला की तिच्या गळक्या झोपडीत सुकं टिकायचं नाही, ओल लागून किडे पडायचे. म्हणून पावसाच्या तोंडावर सगळं व्यापाऱ्याला देऊन टाकायचं आणि पुढचे चार महिने कसेबसे काढायचे.

त्या वर्षी तिच्या दिराने वेगळंच काढलं होतं. थोरली मुलगी नऊ वर्षांची. तिला मुंबईला एका घरी कामाला ठेवायची. एक तोंड कमी होईल आणि पोरीच्या पोटाची सोय होईल. दीर वाईट नव्हता, त्याचीही चार पोरं होती. पुढच्या नारळी पौर्णिमेला होड्या परत पाण्यात जातील, तोवर हिने पावसाळा आपल्या जोरावर काढून दाखवावा, नाहीतर पोरगी पाठवायची, असं ठरलं. मला हे सगळं तिने पहिल्याच भेटीत सांगितलं, डोळ्यांत पाणी न आणता.

"बाय, पोर शाळेत जाते. दुसरीत हाय. तिला भांडी घासायला नाय धाडायची मना."

मी सभेत हे सांगितलं तेव्हा अर्ध्या बायकांनी पदर डोळ्यांना लावला. आणि एकमताने ठरलं, शिलाई मशीन. बाई तरुण आहे, हात चलाख आहे, घरी बसून काम करील, अब्रूने राहील. तिला काय हवं, हे कुणी विचारलं नाही. मी तरी कुठे विचारलं? मासळीच्या धंद्यातून तिला बाहेर काढणं म्हणजेच तिला वर काढणं, असं आम्हा सगळ्यांना मनापासून वाटत होतं. आमच्यातल्या निम्म्या जणींच्या घरात अंडंसुद्धा शिजत नव्हतं.

ती आठवड्यातून दोनदा वरोरहून मंडळाच्या वर्गाला यायची, थोडं चालत, थोडं प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीने. शिकवणाऱ्या बाई थक्क झाल्या. बाकीच्या बायका सरळ टीप मारायला महिना घ्यायच्या, हिने तीन आठवड्यांत झंपर बेतलं. दिवाळीनंतर मशीन तिच्या घरी पोचतं केलं. बैलगाडीतून, वर झेंडूची माळ, समोर नारळ फोडला. अध्यक्षीणबाईंनी नियम मोठ्याने वाचून दाखवले: वस्तू विकू नये, गहाण टाकू नये, दुसऱ्यास देऊ नये. दर आठवड्याला न चुकता तेल घालावे. तिने मान हलवून सगळं कबूल केलं. धाकटीने मशीनच्या चाकाला हात लावून पाहिला आणि मार खाल्ला.

पहिल्या महिन्यात आम्ही सगळ्यांनी उत्साहाने झंपरं शिवायला टाकली. मीही टाकली. कपडे परत आले ते नजर लागावी असे. बाहीची गोलाई, काखेतली कळी, काजं, सगळं नेटकं. मी पिशवी उघडली आणि मागे सरले. कपड्यांना मासळीचा वास येत होता. साधासुधा नाही. एखादं लोणचं बरणीतून सांडावं आणि फडताळभर पसरावं, तसा तो आमच्या दोन खोल्यांत पसरला. मी झंपरं रिठ्यात भिजवली, उन्हात टाकली, ट्रंकेत कापूर ठेवला. चार दिवसांनी काढली तर कापूर आणि मासळी असा दोन्हींचा वास. ह्यांनी ट्रंक उघडली आणि म्हणाले, "आता घरी आल्यावर मोरीत तू जा."

पुढच्या शनिवारी, अध्यक्षीणबाई यायच्या आधी, सगळ्या जणी माझ्याकडे पाहत होत्या. प्रत्येकीच्या घरी तेच झालं होतं. पण तिला सांगायला कुणी धजेना. एक जण म्हणाली, "तिच्या घरात सगळीकडे बोंबीलच असणार, त्याला ती बिचारी काय करणार?" दुसरी म्हणाली, "सांगितलं तर तिला किती लागेल!" आणि त्या दिवसापासून माझ्याशिवाय कुणीही तिला कपडे टाकले नाहीत. कुणी म्हणालं मोजकंच शिवायचं आहे, कुणी म्हणालं माहेरी शिवून घेतलं. वरोरमध्ये तर वर्षाला दोन कपडे, तेही सणाला, आणि ते शिवणारा शिंपी ठरलेला. तिच्याकडे काम येणार कुठून?

पालक भगिनी म्हणून तिला हे सांगणं माझं काम होतं. मी दर महिन्याला वरोरला जायचे, तिच्या दारात चटईवर बसायचे, ती चहा करायची. मशीन कोपऱ्यात, वर धुतलेलं फडकं, लखलखीत. ती विचारायची, "बाय, शिवायचं काय हाय का कुणाचं?" मी म्हणायचे, "बघते हं, विचारते." मग मी तिला वाईट वाटू नये म्हणून माझंच आणखी एक झंपर टाकायचे. ते शिवून आलं की ट्रंकेच्या तळाशी जायचं. सभेत मी अहवाल वाचायचे: काम समाधानकारक चालू आहे, बाई मेहनती आहे. बायका मान डोलवायच्या. त्यांना खरं माहीत होतं, मला खरं माहीत होतं, फक्त अध्यक्षीणबाईंना माहीत नव्हतं. त्यांनी तिच्याकडे कपडे टाकलेच नव्हते, कारण त्या स्वतःची झंपरं स्वतः हाताने शिवायच्या. मी हे सगळं चांगुलपणाने करते आहे, असं मला वाटत होतं. भित्रेपणाला चांगुलपणा म्हणायची सोय असली की तो फार दिवस टिकतो, हे मला आता कळतं.

चैत्र गेला, वैशाख निम्मा झाला. आगोटीची धांदल सुरू झाली. पावसापूर्वी घरात सुकी मासळी, मीठ, मसाला, सरपण भरून ठेवतात ती ही आगोट. त्या महिन्यात मी वरोरला गेले तेव्हा बाई घरी नव्हती. दारात धाकटी खेळत होती. मी आत डोकावले. कोपरा रिकामा. जमिनीवर मशीनच्या पायांचे चार ठसे तेवढे होते.

"मशीन कुठं गं?" मी विचारलं.

"तलासरीला."

"आणि आई?"

"ती पन तलासरीला."

शेजारणीने भर घातली. मशीन सर्व्हिस मोटारीच्या टपावर चढवून नेलं, तलासरीच्या एका शिंप्याच्या दुकानात आहे. विकलं का, ते ठाऊक नाय.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. परतीच्या वाटेवर मी मोटारीत बसून मनातल्या मनात तिला काय काय बोलत होते. हिच्यासाठी मी इतकं केलं! माझी नवी कोरी कापडं घालवली! सभेत हिची बाजू राखली! तिने नियम मोडला याचा राग होता, त्यापेक्षा मला न विचारता मोडला याचा जास्त होता. मी घरी न जाता तडक अध्यक्षीणबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. म्हणजे सगळं नाही. मशीन गेलं एवढंच सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आधी बघू. विकलं असेल तर परत आणायचं आणि दुसऱ्या गरजू बाईला द्यायचं. मात्र बघितल्याशिवाय काही ठरवायचं नाही."

बघायला जायला आषाढ उजाडला. मध्ये त्यांचे गुडघे धरले होते. मी तेवढ्या दिवसांत वरोरला फिरकले नाही. रुसून बसले होते, दुसरं काय?

बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी सर्व्हिस मोटारीने निघालो. रस्ता चिखलाने भरलेला, भातखाचरांत लावणीची माणसं वाकलेली. विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या फाट्यावर अध्यक्षीणबाईंनी खिडकीतूनच हात जोडले. पुढे त्या मला म्हणाल्या, "तुम्ही हिच्याबद्दल नेहमी चांगलंच लिहीत आलात. म्हणून जास्त वाईट वाटतं." मी बाहेर बघत राहिले. मशीन परत न्यायला हमाल मिळेल का, एवढाच विचार करायचा असं मी ठरवलं होतं.

तलासरीच्या बाजारात गर्दी बेताची होती. शिंप्याचं दुकान सापडायला वेळ लागला नाही. कौलारू, समोर रुंद ओटी, आत मशीनची खडखड. आणि ओटीवर ती बसली होती. पुढ्यात दोन पाट्या, एकीत बोंबील, दुसरीत सुका जवळा. भोवती वारली बायका, डोक्यावर पानांची इरली घेतलेल्या. कुणी भात आणलं होतं, कुणी नागली, एकीच्या पदरात अंडी. ती मापाने घ्यायची आणि मुठीने द्यायची, वर दोन बोंबील जास्त टाकायची. पावसात ताजी मासळी नाही, त्या दिवसांत कालवणाला तिच्याकडचं सुकं तेवढं होतं. ती त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोलत होती, हसत होती. मी तिला हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं, हे माझ्या तिथे उभ्या उभ्या लक्षात आलं.

आम्हाला बघून ती उठली. घाबरली नाही. पोतं झटकून अंथरलं, म्हणाली, "बसा बाय, भिजलात."

अध्यक्षीणबाई बसल्या नाहीत. "मशीन कुठे आहे?"

"हे काय, आत. चालतंय." तिने दाराकडे बोट केलं. आतमध्ये म्हातारा शिंपी शाळेच्या पोरांचे खाकी कपडे शिवत होता. मशीन तेच, आमचंच.

"विकलंस?"

"नाय. इकलं नाय." मग तिने सांगितलं, पाटी आवरता आवरता, काही विशेष नाही अशा आवाजात. वैशाखात ती सुकं घेऊन इथे बाजाराला आली होती. वळवाची सर आली म्हणून या ओटीवर चढली. म्हाताऱ्याचं मशीन मोडलेलं, आणि शाळेच्या कपड्यांचं मोठं काम हातात आलेलं. त्याच्याकडे काम होतं, मशीन नव्हतं. हिच्याकडे मशीन होतं, काम नव्हतं. दोघांनी तिथेच ठरवलं. मशीन हिचंच, चालवायचं त्याने. बदल्यात बाजाराच्या दिवशी ही ओटी हिची, आणि पावसाळाभर दुकानाचा माळा हिचा. माळ्याखाली इस्त्रीच्या कोळशाची शेगडी असते, तिची ऊब वर लागते, सुक्याला ओल लागत नाही. या वर्षी तिने व्यापाऱ्याला एक बोंबील दिला नाही. खळ्यांवरची मजुरी सगळी मोटारीने इथे आणून माळ्यावर रचली.

मी तोंड उघडं ठेवून ऐकत होते. आम्ही सात-आठ शिकलेल्या बायकांनी बसून जे ठरवलं नव्हतं, ते हिने एका पावसाच्या सरीत ठरवलं होतं.

पण अध्यक्षीणबाई नियमाच्या पक्क्या. "दुसऱ्याला द्यायचं नाही, असं तू कबूल केलं होतंस. ते मशीन आम्ही तुला दिलं होतं."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "दिलं होतं ना बाय? का सांबाळायला ठेवलं होतं?"

तेवढ्यात आतून म्हातारा बाहेर आला. त्याला वाटलं, आम्ही मशीनबद्दल तक्रार घेऊन आलो आहोत. "आवो बेन, बेसो. मशीन फस्टक्लास छे. पण एक वात बोलू? पेल्या दिवशी उघडलं ने, तर आखं दुकान मच्छीबाजार! या बेनने अंदर होडीचं तेल घातलेलं. मुशी मच्छीच्या काळजाचं तेल! घासलेटनी धुतलं, मग वास गेला. पण गंज? एक टिपका नाय!" आणि तो खदखदून हसला.

तीही हसली. "आमच्याकडं लाकडाला, लोखंडाला तेच लावतात. बाटलीतलं तेल पयल्याच आठवड्यात संपलं, म्हटलं होडीचं घालू. खाऱ्या हवेत होडी सडत नाय ती त्या तेलानंच. मना काय ठावं कपड्याला वास लागतो? आमच्या नाकाला तो वासच नाय."

म्हणजे घरातले बोंबील नव्हेत, झोपडी नव्हे, ती स्वतः नव्हे. एक चुकीचं तेल. नेमाने, दर आठवड्याला, आम्ही सांगितलं तसं. मी एक वाक्य बोलले असते तर दुसऱ्या दिवशी वास गेला असता.

अध्यक्षीणबाईंनी माझ्याकडे मान वळवली. "कपड्यांना वास यायचा? तुम्हाला माहीत होतं?"

"होतं," मी म्हटलं.

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"आणि तुम्ही समाधानकारक लिहिलंत."

बाजारातल्या त्या ओटीवर, अंडी घेऊन उभ्या असलेल्या बायकांसमोर, मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. अध्यक्षीणबाई पोत्यावर बसल्या, गुडघे चोळले, माळ्याकडे पाहिलं, पाट्यांकडे पाहिलं. ज्या बाईने जन्मात मासळीला हात लावला नव्हता, तिने एक बोंबील दोन बोटांत उचलून नीट पाहिला आणि परत ठेवला.

"मशीन तुझं आहे," त्या तिला म्हणाल्या. "कुठे ठेवायचं ते तू ठरव. नियम आम्ही बदलू." मग मला म्हणाल्या, "तुम्ही लिहा. या वेळी खरं."

परतीच्या मोटारीला वेळ होता. अध्यक्षीणबाई आत म्हाताऱ्याशी शाळेच्या कपड्यांबद्दल बोलत बसल्या. मी ओटीच्या कडेला उभी राहिले. काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून थोरलीची चौकशी केली.

"शाळेत हाय," ती म्हणाली. "मागल्या बाजाराला दीर इथं आलता. म्हटलं, माळ्यावर बघून ये, मग पोरीचं बोल. बघून आला. गप गेला." भात मोजायचं माप तिने उलटं करून झटकलं आणि माझ्याकडे बघितलं. "बाय, येक इचारू? तुमाला वास येत होता. मग मना सांगितलं का नाय?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. सहा महिने तेच मी स्वतःला देत आले होते. "तुला वाईट वाटेल म्हणून."

"वाटलं असतं," ती म्हणाली. रागाने नाही, हिशेब समजावून सांगावा तशी. "दोन दिवस वाटलं असतं, मग तेल पुसलं असतं. तुमी माझ्या दारात बसून चाय पीत होता, तवा मी थोरलीचे कपडे बांधत होते, बाय. मुंबईला धाडायला. दोनदा बांधले."

माझे डोळे भरून आले. मी तिचा हात धरायला पुढे झाले. पण इरलं घेतलेली एक म्हातारी कधीची ताटकळत उभी होती, आणि ही त्या म्हातारीकडे वळून जवळा मोजायला लागली.